टेबलं आहेत म्हणजे डेटाबेस रिलेशनल? या चुका टाळा

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी व्यापाऱ्यांसाठी हिशोबाची सॉफ्टवेअरं लिहिणं आणि बिघडलेली दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. डेटाबेस रिलेशनल असल्याचं सगळेच सांगतात. उघडून पाहिलं की आत एक्सेलच्या पानांसारखी टेबलं दिसतात आणि नियम सगळे कोडमध्ये.

मुळात शब्दाचाच घोळ आहे. रिलेशन म्हणजे दोन टेबलांमधलं नातं, असं अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते खरं नाही. एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना हे मॉडेल मांडलं, तेव्हा हा शब्द गणितातून घेतला. आपण ज्याला टेबल म्हणतो ते एकटं टेबलच रिलेशन, म्हणजे ओळींचा संच. संचात तीच गोष्ट दोनदा येत नाही आणि त्याला क्रमही नसतो. म्हणून 'ऑर्डर बाय' (क्रम लावायची सूचना) न लिहिता आलेली शेवटची ओळ म्हणजे शेवटची नोंद, असं धरून चालू नका. आज बरोबर येईल, इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) बदलला की उलटेल.

प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखू देणारा कॉलम, नसणं ही त्याहून मोठी चूक. कॉड यांनी १९८५ मध्ये नियम प्रसिद्ध केले (बारा म्हणतात, पण शून्यापासून मोजले तर तेरा). त्यातला दुसरा सांगतो की टेबलाचं नाव, की आणि कॉलमचं नाव एवढ्यावर कुठलंही मूल्य हमखास सापडलं पाहिजे. शेतकऱ्याचं नाव की म्हणून वापरलं, तर आपल्याकडे एकाच गावात त्याच नावाचे दोन पाटील किंवा दोन चौधरी सहज निघतात. एकाच्या केळीचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर जातात. शेतकऱ्याला स्वतंत्र क्रमांक द्या.

एका खणात अनेक मूल्यं कोंबू नका. गट क्रमांकाच्या कॉलममध्ये '११२, ११४, १२०' लिहिलं आणि 'लाइक'ने (मजकुराचा तुकडा जुळवणाऱ्या अटीने) १२ शोधलं, तर ११२ आणि १२० दोन्ही येतात. गटांचं वेगळं टेबल करा, एका ओळीत एक गट.

भाव ठरायचा असेल तर शून्य टाकू नका. दोन गाड्यांचा भाव १८०० आणि २०००, तिसऱ्या गाडीचा बाकी. शून्य लिहिलं तर सरासरी १२६७ च्या आसपास येते, नल (म्हणजे 'माहीत नाही' अशी रिकामी जागा) ठेवलं तर १९००. नललाही सांभाळावं लागतं. तो '= नल' लिहून सापडत नाही, 'इज नल' लागतं. 'नॉट इन'च्या ('या यादीत नसलेले' या अटीच्या) आतल्या यादीत एक जरी नल आला, तरी उत्तरात एकही ओळ येत नाही.

आता ज्या चुकीने मला सगळ्यात जास्त दमवलं ती. एका व्यापाऱ्याकडे जुन्या शेतकऱ्यांची नावं काढून टाकली आणि त्यांच्या काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या) तशाच राहिल्या. वजन आहे, रक्कम आहे, मालक नाही. दिवाणजी म्हणाले, "भाऊ, हे पैसे द्यायचे कोणाला?" मूळ स्क्रिप्टमध्ये फॉरेन की, म्हणजे पट्टीवरचा शेतकरी शेतकऱ्यांच्या टेबलात असलाच पाहिजे हा नियम, लिहिलेली होती. पण मायएसक्यूएल या डेटाबेसमधली ती टेबलं मायआयसॅम इंजिनवर (टेबलं साठवणाऱ्या आतल्या यंत्रणेवर) होती. ते इंजिन फॉरेन कीची ओळ वाचतं आणि एररही न देता सोडून देतं. एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसमध्येही हाच धोका आहे, तिथे फॉरेन कीची तपासणी साधारणपणे बंदच असते आणि प्रत्येक कनेक्शनला चालू करावी लागते.

मायएसक्यूएलमध्ये टेबलाची खरी रचना दाखवणारी 'शो क्रिएट टेबल' ही आज्ञा चालवा. त्यात फॉरेन की दिसली नाही तर ती नाहीच, स्क्रिप्टमध्ये काहीही लिहिलेलं असो. मग दोन्ही टेबलं फॉरेन की पाळणाऱ्या इनोडीबी इंजिनवर न्या, लेफ्ट जॉइन (जोडीदार नसलेल्या ओळीही दाखवणारी जोडणी) लावून बिनमालकाच्या ओळी शोधा, त्या निस्तरा आणि मगच फॉरेन की घाला. आयात लवकर व्हावी म्हणून फॉरेन कीची तपासणी बंद करायची सवय सोडा. ती पुन्हा चालू केल्यावर मायएसक्यूएल आधी शिरलेल्या ओळी तपासत नाही. खालच्या वाटेने नियम डावलता येऊ नयेत, असं कॉड यांचा बारावा नियम सांगतो तो याचसाठी.

तिथे आम्ही हे सगळं केलं. पट्ट्यांचे मालक मात्र डेटाबेसमधून मिळणार नव्हते. दिवाणजींनी कपाटातून काट्याच्या वह्या काढल्या आणि आम्ही तारीख नि वजन जुळवत एकेक नाव परत भरलं.