क्लचचं काम झालं आणि गाडी एका बाजूला ओढायला लागली? अलाइनमेंटला पळण्याआधी या चुका टाळा

मोठं काम झाल्यावर स्टिअरिंग बिघडलं की निम्मे लोक सरळ अलाइनमेंटचं (चाकांचे कोन जुळवण्याचं) दुकान गाठतात. मेकॅनिकही तेच सांगतो, कारण तेवढं सांगितलं की गाडी त्याच्या दारातून जाते. पण गॅरेजमध्ये जाईपर्यंत गाडी सरळ चालत होती आणि बाहेर आल्यावर ओढतेय, तर दोष बहुधा तिथे जे सोडलं आणि परत जोडलं त्यातच असतो. म्हणून मी आधी एकच विचारतो, काय काय खोललं होतं? बिल दाखवा, फोटो असतील तर फोटो दाखवा.

साताऱ्याहून एक गिऱ्हाईक हॅचबॅक घेऊन आलं होतं. क्लच प्लेट बदलल्यापासून गाडी डावीकडे ओढत होती. अलाइनमेंट पुन्हा पुन्हा करून झालं होतं, पुढचे दोन्ही टायर नवे टाकून झाले होते, आणि शेवटी कुणीतरी ‘आपल्या रस्त्यांना डावीकडे उतार असतोच’ असं सांगून त्यांची बोळवण केली होती. उतार असतो हे खरं, आणि त्यामुळे गाडी हळूहळू डावीकडे सरकते हेही खरं. पण या गाडीच्या स्टिअरिंगवरचा हात क्षणभर सोडला की ती साइडपट्टी गाठायची. त्यांनी अलाइनमेंटचे कागद जपून ठेवले होते ते बरं झालं. टो, म्हणजे वरून बघताना चाकं आत-बाहेर किती वळलीत तो कोन, सगळीकडे हिरवा, म्हणजे ठीक. कॅम्बर, म्हणजे समोरून बघताना चाकाचा कल, मात्र डाव्या चाकाचा पॉझिटिव्हकडे (वरची कड बाहेर) गेलेला आणि उजव्याचा जवळपास तेवढाच निगेटिव्हकडे (वरची कड आत). एक बाजू जेवढी वर, दुसरी तेवढीच खाली, हे दिसलं की मी टायरकडे बघतही नाही.

गाडी रॅम्पवर घेतली. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवताना पुष्कळ गाड्यांत खालची सबफ्रेम, म्हणजे बोल्टांनी बसवलेली लोखंडी चौकट, सोडावी लागते. चाकांना खालून धरणारे लोअर आर्म तिलाच धरलेले असतात, बऱ्याचदा चाकं वळवणारा स्टिअरिंगचा रॅकही तिच्यावरच असतो. तिच्या बोल्टांची भोकं थोडी सैल असतात, त्यामुळे बसवताना फ्रेम काही मिलिमीटर इकडेतिकडे बसू शकते. इथे ती उजवीकडे सरकली होती. पुरावा डोळ्यांसमोर होता: प्रत्येक बोल्टाच्या डोक्याशेजारी जुन्या वॉशरचा ठसा चंद्रकोरीसारखा उघडा पडलेला. बोल्ट ढिले केले, फ्रेम जुन्या ठशांवर आणली, कंपनीने दिलेल्या टॉर्कवर (ठरलेल्या जोराने) आवळली आणि मग अलाइनमेंट केलं. गाडी सरळ झाली. नव्या टायरांचे पैसे मात्र गेले ते गेलेच. लहान गाड्यांत अलाइनमेंटवाल्याच्या हातात बहुतेक वेळा फक्त टो असतो. कॅम्बर त्याच्या पान्याने हलत नाही, मग तो तरी काय करणार?

म्हणून फ्रेम सोडण्याआधी मी चारी बोल्टांभोवती पेंटने खुणा करतो. दोन मिनिटं लागतात. ही दोन मिनिटं वाचवणारे शिकाऊ मी खूप पाहिले, आणि त्यांच्या हातची गाडी परत आलेलीही पाहिली.

दुसरा माझा जुना राग ‘स्टिअरिंग काढून सरळ बसवून देतो’ या सेवेवर आहे. चाकं सरळ असताना स्टिअरिंग तिरकं दिसतंय, म्हणून मधला नट खोलून ते स्प्लाइनवर (शाफ्टच्या दातांवर) दोन दात फिरवून बसवतात. दिसायला छान. पण रॅक मध्यावर नव्हता, तो तसाच राहतो. तपासायला सोपं आहे: चाकं सरळ ठेवा आणि दोन्हीकडे लॉकपर्यंत, म्हणजे पुढे फिरेनासं होईपर्यंत, स्टिअरिंग किती फिरतं ते मोजा. एका बाजूला जास्त फिरलं तर टायरॉड (रॅकपासून चाकांपर्यंतचे दांडे) दोन्हीकडे सारखे बसलेले नाहीत किंवा रॅक सरकलाय. दुरुस्ती खाली आहे, वर हात लावायचं कारण नाही.

वर हात लावण्याचा आणखी एक तोटा म्हणजे क्लॉक स्प्रिंग. एअरबॅग आणि हॉर्नची वायर या गुंडाळीतून जाते आणि तिचे फेरे मोजकेच असतात. रॅक उतरवला की स्टिअरिंगचा शाफ्ट मोकळा होतो. तेवढ्यात कुणीतरी आत बसून उगाच स्टिअरिंग गरागरा फिरवतं. काहीच झालेलं दिसत नाही. मग एखाद्या यू-टर्नला गुंडाळीतली पट्टी तुटते, एअरबॅगचा दिवा लागतो, हॉर्न मरतो आणि मालक इलेक्ट्रिशियनकडे जातो. माझी सवय: चाकं सरळ, किल्ली बाहेर, स्टिअरिंग लॉक, आणि वरून सीटबेल्ट स्टिअरिंगमधून ओवून बकलमध्ये अडकवलेला. पोरं हसतात. हसू देत.

लोअर आर्म बदलल्यावर गाडी बिचकल्यासारखी चालते, बुश (आर्मच्या सांध्यातले रबर) लवकर फाटतात? आर्मचे बोल्ट चाकं लटकत असताना आवळले असणार. बोल्ट अडकवून गाडी खाली घ्या, वजन चाकांवर येऊ द्या आणि मगच शेवटचा टॉर्क द्या.

वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही, टणत्कार होतो: शॉकअपचं काम झालं असेल तर वरचा बेअरिंग बघा.

इलेक्ट्रिक स्टिअरिंग जड झालं तर लाखाच्या भाषेत बोलण्याआधी बॅटरीचे टर्मिनल आणि गिअरबॉक्सवरची अर्थिंगची वायर बघा. ती वायर लावायची राहते. इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळायला हवेत.

हायड्रॉलिक (तेलाच्या) स्टिअरिंगमध्ये घरघर आणि तेलाच्या डब्यात फेस म्हणजे आत हवा. पुढची चाकं उचला, इंजिन बंद ठेवून सावकाश लॉक टू लॉक फिरवा, मध्ये मध्ये तेल भरा. इंजिन चालू करून लॉकवर धरून ठेवलं तर पंप रडतो.

एका गोष्टीत मात्र उशीर करायचा नाही. रॅक किंवा सबफ्रेमच्या कामानंतर स्टिअरिंगमध्ये खट्‌ असा आवाज येतोय, थोडी ढील जाणवतेय, तर शाफ्टच्या जोडाचा बोल्ट खाचेत बसलेला नसू शकतो. शाफ्ट पुरता आत न जाताही बोल्ट वरवर आवळला जातो. अशी गाडी चालवत आणू नका. फोन करा, गाडी टोइंगवाल्याकडून उचलून आणायला सांगा, आणि ज्याने काम केलं त्यालाच खाली वाकून तो बोल्ट दाखवायला लावा.