कविता फसते कुठे? लिहिताना या चुका टाळा

मनातलं खरं असलं की कविता आपोआप चांगली होते, हा समज आधी सोडायला हवा. दुःख खरं असतं, रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नसतो आणि तरी कागदावर उतरलेली ओळ हजार जणांनी वापरून झिजवलेली निघते. वाचकाच्या हाती पडतात ते शब्द. म्हणून कविता फसली तर दोष भावनेत शोधू नका, ओळींत शोधा.

नमुन्यासाठी रचलेल्या या चार ओळी पाहा:

तुझ्या आठवांचा पाऊस आला,
नयनी माझ्या पूर दाटला,
विरहाचा वणवा उरी पेटला,
जीव हा माझा एकटा पडला.

वाचताना काही खटकत नाही, आणि तीच अडचण आहे. सगळं ओळखीचं आहे. नीट पाहिलं तर दुसऱ्या ओळीत पूर आलाय आणि तिसरीत वणवा पेटलाय. लिहिणाऱ्याला यातलं काहीच दिसलेलं नाही, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी बसू शकले. बोलताना आपण ‘नयनी’ म्हणत नाही, ‘उरी’ही म्हणत नाही. शेवटच्या ओळीतला ‘हा’ निव्वळ भरीचा. यमक म्हणाल तर आला, दाटला, पेटला, पडला. मराठीत भूतकाळी क्रियापद शेवटी टाकलं की ‘ला’ फुकट मिळतो. फुकट मिळालेल्या यमकाला कान दाद देत नाही.

आता तोच विरह असा लिहून बघू:

यादीत सगळ्यात वर
तुझा शेवटचा कॉल.
तो खाली सरकू नये म्हणून
मी कुणालाच फोन केला नाही.

ही काही थोर कविता नव्हे. पण इथे एक माणूस आहे, त्याच्या हातात फोन आहे आणि तो एक वेडी गोष्ट करतोय. विरह हा शब्द कुठेच नाही, तरी तो कळतो. तुमच्या कवितेतले दुःख, प्रेम, एकांत, वेदना असे शब्द पेन्सिलीने खोडून पाहा. खोडल्यावर भावना उरली तर कविता उभी आहे. काहीच उरलं नाही, तर त्या दिवशी नेमकं काय घडलं, समोर कोणती वस्तू होती, हात काय करत होते, तिथून पुन्हा सुरुवात करा.

यमकासाठी अर्थ वाकवणं हा दुसरा मोठा रोग. ओळीच्या शेवटी ‘चांदणे’ आलं की पुढे ‘नांदणे’ येणार हे वाचकाला आधीच कळतं. प्रत्येक ओळीला विचारा, यमकाची सक्ती नसती तर मी हेच म्हटलं असतं का? उत्तर ‘नाही’ असेल तर ओळ बदला, किंवा यमकच सोडा.

वृत्तात लिहिणाऱ्यांची चूक वेगळी. ते अक्षरं मोजतात, लघु-गुरू, म्हणजे अक्षराचा उच्चार आखूड की लांब, हे तपासत नाहीत. मनाच्या श्लोकांचं वृत्त भुजंगप्रयात. त्यात ओळीला 12 अक्षरं आणि लघु-गुरु-गुरु असा तीन अक्षरांचा गण चार वेळा. ‘उन्हाच्या झळांनी जळे माळ सारा’ ही ओळ त्यात चपखल बसते. ‘उन्हाच्या’च्या जागी ‘वाऱ्याच्या’ घाला. अक्षरं 12च राहतात, पण पहिलंच अक्षर गुरू झालं आणि चाल मोडली. हे मोजून कळायला वेळ लागतो, ओळ मोठ्याने म्हटल्यावर लगेच कळतं.

गझलेत तर सूट नाहीच. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात (शेर म्हणजे दोन ओळींची जोडी), ‘वारा’ आणि ‘किनारा’ बांधलेत, तर पुढच्या शेरात ‘चेहरा’ चालणार नाही. ‘रा’ आहे, पण त्याआधीचा ‘आ’ हा स्वर, म्हणजे अलामत, हरवली. हे नियम जाचक वाटत असतील तर खुशाल दुसरं काही लिहा, फक्त त्याला गझल म्हणू नका.

मुक्तछंद सोपा, असं वाटणाऱ्यांनी एक करून पाहावं. कविता सलग परिच्छेदासारखी लिहून काढा. काहीच हरवलं नाही, तर ते एंटर दाबून तोडलेलं गद्य होतं. ओळ जिथे तुटते तिथे श्वास थांबला पाहिजे, किंवा अर्थाने वळण घेतलं पाहिजे.

उद्गारचिन्हांची रांग आणि टिंबांची माळ काढून टाका, त्यावर अधिक बोलायला नको.

शेवटच्या दोन ओळींकडे मात्र संशयाने बघा. कविता तिसऱ्या कडव्यातच संपलेली असते आणि कवी चौथ्यात तिचा अर्थ समजावत बसतो. ‘असंच असतं आयुष्य’ छापाचं काही आलं की तिथे कात्री लावा. वाचकावर एवढा विश्वास टाकायलाच हवा.

सगळं झालं की कविता आठवडाभर बाजूला ठेवा. मग ती आधी न वाचलेल्या माणसाच्या हातात द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही स्वतः वाचाल तेव्हा आवाजाने उणिवा झाकाल. त्याला ते जमणार नाही. तो जिथे अडखळेल, जिथे परत मागे जाऊन वाचेल, तिथे खूण करा. अर्थ समजावू नका, मध्ये बोलूही नका. दुरुस्तीला बसाल तेव्हा पहिला हात त्या खुणांवर टाका.