सुरू न होणारा जुना ट्रॅक्टर : डिझेलच्या नळीतली हवा कशी काढावी आणि ती कुठून शिरली हे कसे शोधावे

सोयाबीन निघाल्यापासून गव्हाच्या पेरणीपर्यंत हातात थोडेच दिवस असतात, आणि पावसाळाभर गोठ्यालगत उभा राहिलेला ट्रॅक्टर नेमका त्याच दिवसांत हटून बसतो. घर इंदुरात आणि शेती सांवेर-देपालपूरकडे असलेल्या अनेक मराठी कुटुंबांत पंचवीस-तीस वर्षांचे ट्रॅक्टर अजून कामावर आहेत. अशा ट्रॅक्टरचा फ्युएल पंप किंवा नोजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) खोलण्याआधी, आपले मिस्त्री ज्याला ‘एअर ले लिया’ म्हणतात तो प्रकार, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरणे, तर झालेला नाही ना, हे तपासावे. हे काम पाने, पेचकस आणि जुने फडके एवढ्यावर घरच्या घरी होते.

गिअर न्यूट्रलला आणून, ब्रेक लावून आणि मागच्या चाकांना दगड लावून सेल्फ मारावा. इंजिन कुंथत फिरत असेल किंवा नुसता ‘टक्’ आवाज येत असेल, तर दोष विजेच्या बाजूला आहे. बॅटरीचे टर्मिनल आणि चासीला जोडलेली अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करावी. विश्रांती घेतलेली, पूर्ण चार्ज बॅटरी मीटरवर सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन जोमाने फिरते आणि सायलेन्सरमधून धुराचा मागमूसही नाही, असे असेल तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचत नाही, असे समजावे. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही. त्याची कारणे थंडी, निकामी हीटर किंवा कमी झालेले कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) अशी वेगळी आहेत आणि हवा काढून ती दूर होत नाहीत. बंद करण्याचा नॉब पूर्ण आत गेला आहे ना, तेही पाहून घ्यावे, कारण गंजलेली तार अडकून राहिल्याने अर्धा दिवस वाया गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

हवा काढताना टाकीकडून इंजिनाकडे जायचे, हा क्रम मोडू नये. टाकी निम्म्याहून अधिक भरावी आणि कॉक उघडावा. तळाशी काचेची वाटी असल्यास ती काढून धुवावी. रिकाम्या टाकीत ओलाव्याचे पाणी साचते आणि पावसाळ्यानंतर ते वाटीत हमखास सापडते. मग पहिल्या फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू एक-दीड फेरा सैल करून इंजिनावरचा, डिझेल पुढे ढकलणारा छोटा हातपंप चालवावा. सुरुवातीला फेस येतो. बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार लागली की पंप चालू ठेवूनच स्क्रू आवळावा. हेच दुसऱ्या फिल्टरवर आणि त्यानंतर फ्युएल पंपाच्या स्क्रूवर करावे. हातपंपाऐवजी लहान दांडी असेल आणि ती नुसती ढिली हलत असेल, तर पंप बिघडला असे लगेच ठरवू नये. इंजिनाचा कॅम (या पंपाला आतून ढकलणारा फिरता उंचवटा) वरच्या स्थितीत थांबला की असे होते. इंजिन थोडे फिरवले की दांडीला पुन्हा जोर येतो.

शेवटी फ्युएल पंपाकडून नोजलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नोजलच्या टोकाकडील नट अर्धा-एक फेरा सैल करावेत, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण ओढून सेल्फ मारावा आणि प्रत्येक नटाशी डिझेल उसळू लागले की एकेक नट आवळत जावे. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नये आणि मध्ये मिनिटभर थांबावे, नाहीतर डिझेल सुधारता सुधारता सेल्फ जळतो. या नळ्यांमधला दाब इतका असतो की डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते. म्हणून गळती बोटाने कधीही चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी.

इंजिन सुरू झाले म्हणजे काम संपले असे बहुतेक जण धरून चालतात, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच होते. हवा आपोआप येत नाही, ती कुठूनतरी ओढली जाते. आमच्याकडे एका रब्बीत एका मिस्त्रीने नोजल बदलले, दुसऱ्याने पंप उतरवायला सांगितले, आणि दोष निघाला तो फिल्टरकडे जाणाऱ्या जोडावरच्या, कडक झालेल्या तांब्याच्या वॉशरमध्ये. हातपंपानंतरच्या दाबाच्या बाजूला फट असेल तर डिझेल बाहेर ठिबकते व दोष डोळ्यांना दिसतो. टाकी ते हातपंप या ओढीच्या बाजूला मात्र फट असली तरी इंजिन चालू असताना थेंबही गळत नाही, उलट हवा आत खेचली जाते. म्हणून आधी तिथलेच जोड, रबरी नळीची टोके आणि वाटीचे पॅकिंग तपासावे. तांब्याचे वॉशर एकदा दबले की परत वापरू नयेत. इंदूरच्या सियागंज बाजारातून मापाचे वॉशर मूठभर आणून ठेवावेत.

संशय टाकीच्या नळीवर असेल तर एक स्वच्छ डबा इंजिनाहून उंच टांगून त्यातून वेगळ्या नळीने पंपाला डिझेल द्यावे. या डब्यावर ट्रॅक्टर तासभर विनातक्रार चालला, तर टाकी, कॉक किंवा त्यांच्या पुढची नळी, यांतच दोष आहे. ट्रॅक्टर वीस-तीस मिनिटे उत्तम चालून बंद पडत असेल, तर टाकीचे झाकण उघडून पाहावे. ‘फुस्स’ आवाज झाला तर झाकणावरचे बारीक भोक मातीने बुजले आहे आणि ते तारेने मोकळे करणे एवढीच दुरुस्ती पुरे.

एवढे करूनही प्रत्येक नटाशी डिझेल उसळत असताना इंजिन पेटत नसेल आणि ऑइल भरण्याच्या झाकणातून धूर जोरात बाहेर पडत असेल, तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर झिजले आहेत. तिथे घरगुती दुरुस्ती थांबवून मिस्त्रीला बोलवावे.