डोळ्याच्या खोबणीचा तळ फुटला तर

सीझन बॉल किंवा बुक्की डोळ्यावर बसते तेव्हा खोबणीची जाड कड बऱ्याचदा टिकते, आतला पातळ तळ मात्र फुटतो. खाली गालातलं सायनस, म्हणजे हवेची पोकळी असते. चरबी, कधी डोळा फिरवणारा स्नायूही त्या फटीत उतरतो आणि वर बघताना एकाचे दोन दिसतात. गाल, वरचा ओठ, वरचे दात बधिर होतात, कारण त्यांची नस याच तळातून जाते.

नाक अजिबात शिंकरू नका. सायनसमधली हवा पापणीत घुसून डोळा क्षणात फुगतो. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून शिंका. बर्फ कापडात गुंडाळून 15 मिनिटं गालावर आणि भुवईवर धरा, डोळ्यावर नको. डोळा फाटला असेल तर दाबाने आतलं बाहेर येतं. पापणी सुजून मिटायच्या आत दुसरा डोळा झाकून बोटं मोजायला लावा. नजर कमी होतेय, डोळा पुढे येऊन ठणकतोय, तर आत रक्त साठत असेल. अशा वेळी सीटी स्कॅनचीही वाट न पाहता पापण्यांचा बाहेरचा कोपरा कापून दाब उतरवतात.

मुलांमध्ये घात होतो तो वेगळाच. त्यांचं लवचिक हाड झडपेसारखं उघडून परत मिटतं आणि स्नायू चिमटीत सापडतो. डोळा पांढराशुभ्र, सूज जवळजवळ नाही. पण मूल वर बघायला गेलं की मळमळतं, उलटी होते, नाडी मंदावते. उलटीमुळे सगळ्यांचं लक्ष डोक्याच्या माराकडे जातं. इथे 24 ते 48 तासांत शस्त्रक्रिया हवी, नाहीतर स्नायू कायमचा आखडू शकतो.

मोठ्यांना एवढी घाई सहसा नसते. सूज उतरू देतात आणि गरज असेल तर साधारण दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन करतात. डोळा 2 मि.मी.पेक्षा जास्त आत गेला, निम्म्याहून अधिक तळ फुटला किंवा दुहेरी दिसणं कमी होईना, तर गरज आहे. साध्या एक्स-रेवर भागवू नका. चेहऱ्याचा सीटी 1 मि.मी.च्या कापांचा, समोरून आणि बाजूने छेद दाखवणारा हवा.

चीर बहुधा खालच्या पापणीच्या आतून घेतात, त्यामुळे व्रण दिसत नाही. उतरलेला भाग वर उचलून खाली टायटॅनियमची जाळी किंवा सच्छिद्र पॉलिथिलिनची चकती बसवतात. खरी परीक्षा मागच्या बाजूला असते. तिथली शाबूत कड सापडली नाही तर जाळी सायनसमध्ये झुकते आणि डोळा खोलच राहतो. जाळी बसल्यावर चिमट्याने डोळा वर-खाली फिरवून बघतात. अडकला तर काहीतरी जाळीखाली दबलंय. ती काढून पुन्हा बसवायची.

पहिल्या रात्री नजर वारंवार तपासून घ्या, डोकं उंच ठेवा. नाक शिंकरणं तीन-चार आठवडे बंद. दुहेरी दिसणं काही आठवडे राहू शकतं, तोवर गाडी चालवू नका. गालाचा बधिरपणा जायला कित्येक महिने लागतात.