लव्हबर्ड आणताय? आधी इंदूरचा मे महिना आठवा

आधी एक क्लिअर करून घ्या, आपल्याकडे दुकानात लव्हबर्ड मागितलं की बऱ्याचदा हातात बजी ठेवतात. बजी म्हणजे ऑस्ट्रेलियाचा, लांब शेपटीचा वेगळाच छोटा पोपट. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा, आखूड शेपटी, जाड चोच, गुबगुबीत, आणि त्याच्या एकूण 9 जाती आहेत, त्यातली एक मादागास्करची. आपल्याकडे पीच फेस्ड जास्त दिसतो, तो नामिबिया-अंगोलाच्या कोरड्या भागातला, आणि डोळ्याभोवती पांढरी रिंग असलेला फिशर टांझानियाचा.

आता कोरड्या भागातला म्हणजे आपल्या उन्हात आरामात राहील असं मलाही वाटलं होतं पण तिकडे तो पाणवठा सोडून लांब जात नाही, रोज पाणी लागतंच, त्यामुळे मे महिन्यात वाटीतलं पाणी दिवसातून दोन-तीनदा बदला, आंघोळीला पसरट भांडं द्या, आणि कूलर चालू असेल तर पिंजरा त्याच्या थेट झोतात नको, बाजूला. चोच उघडी टाकून पंख फाकवून बसला की समजा गरम होतंय, लगेच सावलीत न्या.

पिंजरा उंच नको, आडवा रुंद घ्या, हे पक्षी आडवे उडतात. खायला राळे, बाजरी, कोथिंबीर, मेथी, मक्याचं कणीस. सूर्यफूल थोडंच, त्याने लठ्ठ होतात. समुद्रफेन (माकुळाचं पांढरं हाड) लटकवून ठेवा. आमच्या आजी सकाळी पोह्यांबरोबर त्यालाही शेव-जिरावन द्यायच्या, कितीदा सांगितलं मीठ-मसाला नको, पण ऐकतंय कोण! अॅव्होकॅडो आणि चॉकलेट तर विषच. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या धुरानेही पक्षी मरतो, म्हणून पिंजरा किचनमध्ये नकोच.

बजीसोबत एका पिंजऱ्यात ठेवू नका, लव्हबर्ड नावालाच लव्ह, मादी तर बजीची बोटं तोडते. जोडी आणली की लोक लगेच अंडी घालायला मटकी, म्हणजे मातीचं छोटं मडकं, टांगतात, मीही टांगली, मग मादी अंड्यांवर अंडी देत सुटली, कॅल्शियम कमी पडलं आणि एकदा अंडं अडकलं, रात्री डॉक्टर शोधत फिरलो. पिल्लं नको असतील तर मटकी टांगूच नका. ते तसेही एकमेकांना चिकटून दांडीवर झोपतात.

आणि हो, हा 10-15 वर्षं जगतो, मुलं कॉलेजला जातील तेव्हाही पिंजरा धुणारे तुम्हीच.