गोळ्या वाढवून बाळाचा मधुमेह टळत नाही: गरोदरपणातल्या या चुका टाळा

"बाळाला पुढे मधुमेह होऊ नये म्हणून अजून कुठली गोळी सुरू करू?" आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: सध्या जे जे घेताय ते सगळं एका पिशवीत घालून घेऊन या, संपलेले डबेसुद्धा.

फॉलिक ॲसिड भरमसाट, बी१२ कडे दुर्लक्ष

ही चूक पाहून मी थकले आहे. एक मुलगी आली होती, सव्विसावा आठवडा चालू होता. वडील आणि मोठा भाऊ दोघांनाही मधुमेह, त्यामुळे पोटातल्या बाळाची काळजी तिला पहिल्या दिवसापासून लागलेली. तिने पिशवी टेबलावर रिकामी केली: फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची पट्टी, एक मल्टिव्हिटॅमिन, कुठल्याशा कॅप्सूल आणि गरोदर बायकांसाठीची पावडर. चारही गोष्टींत फॉलिक ॲसिड होतं. कागदावर बेरीज केली तर रोजचे ६ मिलिग्रॅमच्या वर गेले. सर्वसाधारण गरज ४०० मायक्रोग्रॅमची, म्हणजे ०.४ मिलिग्रॅमची. ५ मिलिग्रॅमची गोळी कुणी लिहून दिली होती? कुणीच नाही. मैत्रिणीची उरलेली पट्टी होती, आणि "जास्त घेतलं तर बरंच की" असं तिला वाटलं होतं.

निघताना ती म्हणाली, पायाला मुंग्या अजून येतात. "अजून" हा शब्द ऐकून मी थांबले, कारण आधीच्या दोन भेटींत तिने हेच सांगितलं होतं आणि मी ते गरोदरपणातल्या सुजेवर ढकललं होतं. ती जन्मापासून शाकाहारी, अंडंही नाही, आणि मळमळीमुळे दूध पहिल्याच महिन्यात सुटलेलं. वनस्पतीजन्य अन्नात बी१२ जवळजवळ नसतंच. हे मी पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं. तपासणीत बी१२ खूपच कमी निघालं. मल्टिव्हिटॅमिनमध्ये ते होतं, पण नावापुरतं. वर्षानुवर्षांची तूट तेवढ्याने भरत नाही. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली, फॉलिकचा डोस खाली आणला, आणि मुंग्या हळूहळू कमी झाल्या.

भरपूर फॉलिक ॲसिडमुळे बी१२ च्या कमतरतेचा ॲनिमिया झाकला जातो आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. हा झाला आईचा भाग. बाळाच्या बाजूने पाहायचं तर १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने सुरू केलेला अभ्यास मी प्रत्येकीला सांगते. तिथल्या दोन तृतीयांश मातांमध्ये बी१२ कमी होतं, फॉलेट (फॉलिक ॲसिड याचंच एक रूप) मात्र जवळपास सगळ्यांचं पुरेसं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा ज्यांच्या आईच्या रक्तात फॉलेट जास्त आणि बी१२ कमी होतं, त्या मुलांमध्ये शरीराने इन्सुलिनला दाद न देण्याचं, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारं, प्रमाण सगळ्यात जास्त आढळलं. हा दिसून आलेला संबंध आहे, कारण सिद्ध झालं असं नाही. पण शाकाहारी बाईला बी१२ न तपासता फॉलिकचा मारा करू नये, एवढं समजायला तो मला पुरेसा आहे.

आता हे वाचून फॉलिक ॲसिड बंद करू नका! बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. तोपर्यंत कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून मूल हवं असं ठरलं की तेव्हापासूनच ४०० मायक्रोग्रॅम सुरू करायचं. आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा दोष असेल, आईला मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील, तर डॉक्टर मोठा डोस देतात. तो स्वतःच्या मनाने कमी करायचा नाही.

आयर्न आणि कॅल्शियम एकाच घोटात

"गोळ्या घेते, तरी एचबी (हिमोग्लोबिन) वाढत नाही." मी विचारते, कधी घेता? "सकाळी चहाबरोबर, सगळ्या एकदम, म्हणजे विसरायला होत नाही." कॅल्शियम आयर्नचं शोषण अडवतं, चहा-कॉफीही अडवते. घाईत सगळं एका वेळी उरकलं की गोळी पोटात जाते, आयर्न रक्तात पोचत नाही. माझी सवय अशी: कॅल्शियम जेवणाबरोबर, आयर्न रात्री झोपताना लिंबूपाण्याबरोबर, आणि दोन्हींमध्ये किमान दोन तास. मळमळ झाली तर गुपचूप बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, प्रकार किंवा वेळ बदलता येते. शौचाला काळं होणं हे आयर्नचंच लक्षण आहे. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊ नका.

प्रोटीनचे डबे. जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणात जास्त प्रोटीनचे पूरक पदार्थ घ्यायला सांगत नाही. त्याने बाळ लहान राहण्याचा धोका वाढू शकतो. समतोल जेवणातलं प्रोटीन ही वेगळी गोष्ट आहे.

अ जीवनसत्त्वाची बेरीज न करणं. रेटिनॉलच्या रूपातलं अ जीवनसत्त्व रोज १०,००० आययूच्या (डब्यावर IU असं लिहिलेलं माप) वर जाऊ देऊ नका, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. कॉड लिव्हर ऑइल आणि मल्टिव्हिटॅमिन एकत्र घेताना हे हमखास विसरलं जातं.

माशाच्या तेलाने मूल सडपातळ होईल ही आशा. ऑस्ट्रेलियात रोज ८०० मिलिग्रॅम डीएचए (माशाच्या तेलातलं ओमेगा-३) देऊन मोठी चाचणी झाली. तीन आणि पाच वर्षांच्या मुलांच्या उंचीच्या मानाने असलेल्या वजनात त्याने फरक पडला नाही.

जन्माच्या वजनावरून निकाल लावणं. १९४४-४५ च्या डच दुष्काळात ज्या मातांचे सुरुवातीचे महिने उपासमारीत गेले, त्यांची बाळं जन्मली तेव्हा वजनाने बहुतेक नेहमीसारखीच होती. मोठेपणी मात्र त्यांच्यात स्थूलपणा आणि हृदयविकार जास्त दिसले. "बाळ तीन किलोचं आहे ना, मग झालं" हे वाक्य म्हणूनच मला पटत नाही.

शुगरची तपासणी पुढे ढकलणं

आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करतं आणि अंगावर चरबी साठते. २४ ते २८ आठवड्यांतली तपासणी यासाठी असते. सुरुवातीला सांगितलेल्या त्या पिशवीवाल्या मुलीने ती दोनदा पुढे ढकलली होती, कारण "एवढं सगळं घेतेच आहे." मी पावडरीचा डबा फिरवून तिच्यासमोर धरला. घटकांच्या यादीत पहिलंच नाव साखरेचं होतं, आणि ती हे दिवसातून दोनदा घेत होती. त्याच आठवड्यात तपासणी झाली, शुगर वाढलेली निघाली. पावडर बंद केली, जेवणाच्या वेळा आणि भाताचं माप ठरवलं, प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं सुरू केलं. शेवटपर्यंत तिला इन्सुलिन लागलं नाही. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तिची शुगर पुन्हा तपासली, आणि पुढच्या वेळी दिवस राहण्याआधी बी१२ आणि शुगर दोन्ही बघायचं हे तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून ठेवलंय.