तारा बदलण्याआधी पिक बदलून बघा: अकूस्टिक गिटारवाल्यांनो, या चुका टाळा

चवथ (गणेशचतुर्थी) पंधरा दिवसांवर आली की माझ्याकडे गोव्यात फोंड्याला शिकायला येणारी मुलं एकच रडगाणं घेऊन येतात. "सर, घुमट आरतीत माझी गिटार ऐकूच येत नाही. तारा बदलूया?" घुमट म्हणजे मडक्यासारखं मातीचं चर्मवाद्य, त्याच्या साथीने म्हणतात ती घुमट आरती. गेल्या वर्षी डिचोलीच्या एका मुलाने तर विचारण्याआधीच दोनदा तारा बदलल्या होत्या, आधी बाराचा संच आणि मग त्याहून जाड तेराचा. बोटांना घट्टे पडले, आवाज होता तिथेच. मी त्याचं पिक, म्हणजे तारा छेडायचा तो छोटा चपटा तुकडा, मागितलं. ०.४६ मिलिमीटर! व्हिजिटिंग कार्डसारखं लवलवत होतं.

(पिकाचं अनेकवचन 'पिकं' केलं की शेतकी खात्याचं परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं, पण इलाज नाही.)

आवाज हवा म्हणून पातळ पिकाने जोरात झोडपणं

ही पहिली चूक आणि सगळ्यात जास्त दिसणारी. पिक तारेला बाजूला ढकलतं, मग तार निसटते आणि कंप पावते. ती जेवढी बाजूला गेली असेल तेवढा आवाज मोठा. पातळ पिक तार पुरेशी सरकायच्या आत स्वतःच वाकतं. हात कितीही आपटा, वाढवलेला जोर पिकाच्या वाकण्यात जिरतो. वर ते तारेवर आपटताना आणि परत सरळ होताना 'चट् चट्' असा प्लास्टिकचा आवाज करतं. परिणामी चटचट भरपूर आणि सुराचं अंग कमी.

आता आरतीचा विचार करा. खालचा घुमारा घुमट घेतं, शामेळ या काठ्यांनी वाजवायच्या लहान ढोलाचा ठोका त्यावर पडतो, वरच्या सुरांचा सगळा पट्टा कासाळे (झांजा) व्यापून टाकतात. पातळ पिकाची चटचट नेमकी कासाळ्यांच्या पट्ट्यात जाते आणि विरघळते. गिटारला जागा उरते ती मधल्या पट्ट्यात, आणि तिथे आवाज भरायचा तर वाकणारं पिक कामाचं नाही. त्या मुलाच्या हातात मी ०.८८ दिलं. तारा त्याच, गिटार तीच. अंगणाच्या टोकाला बसलेल्या त्याच्या आजीने मान वळवून पाहिलं.

पण म्हणून पातळ पिक टाकाऊ ठरत नाही. एकटा गायक, समोर माइक, भावगीत चाललंय आणि गिटारने शब्दांखाली नुसतं सळसळत राहायचंय, तर ०.५० च्या आसपासचं पिकच बरं. तिथे जाड पिक गायकाच्या अंगावर धावून जातं.

जाड पिक, पण मूठ तीच

आमच्या डिचोलीकराने पुढच्याच आठवड्यात स्वतःहून १.५ मिलिमीटरचं आणलं. 'थोडं चांगलं तर जास्त आणखी चांगलं' हे गणित. दोन दिवसांत सगळ्यात पातळ ई तार तुटली आणि बाकीच्या तारा फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खडखडू लागल्या. जाड पिक वाकत नाही, त्यामुळे वाकण्याचं काम आता तुमच्या बोटांनी आणि मनगटाने करायचं असतं. पकड सैल ठेवा, इतकी की कुणी ओढलं तर पिक निसटेल. टोक बोटांबाहेर जेमतेम चार-पाच मिलिमीटर दिसू द्या. एवढ्यावर निम्म्या तक्रारी संपतात. ऑगस्टच्या दमट हवेत बोटं घामेजून पिक फिरू लागलं तर मूठ आवळू नका. खरखरीत पृष्ठभागाचं पिक घ्या, नाहीतर चकचकीत पिकाच्या मधोमध, टोक सोडून, सॅंडपेपरने चार रेघोट्या मारा.

फक्त जाडीचा आकडा बघून घेणं

माझ्या मते खरी गंमत इथे आहे, आणि इथेच लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. ०.७३ चं नायलॉन आणि ०.७३ चं टॉर्टेक्स (डनलॉप कंपनीच्या पिकांचा एक प्रकार) ही एकाच जाडीची पिकं असली, तरी आवाजाला सख्खे सोडा, चुलतभाऊही वाटत नाहीत. नायलॉन मऊ आणि लवचीक असतं, तारेवरून गोल निसटतं आणि टणत्कार कमी करतं. शिवाय ते हवेतलं पाणी शोषतं आणि आणखी मऊ पडतं, त्यामुळे आपल्या पावसाळ्यात नायलॉन घ्यायचंच तर एक पायरी जाड घ्या. टॉर्टेक्स ज्या जातीच्या प्लास्टिकचं असतं तिला पाण्याचं फारसं सोयरसुतक नाही. हात लावला की भुरभुरीत लागतं, घामात टिकतं, आवाज स्वच्छ देतं. त्याचे रंगच जाडी सांगतात: लाल ०.५०, नारिंगी ०.६०, पिवळं ०.७३, हिरवं ०.८८, निळं १.०, जांभळं १.१४. अल्टेक्स हा त्याच कंपनीचा दुसरा प्रकार त्याहून कडक, म्हणून त्याच जाडीला जास्त उजळ वाजतं.

सेल्युलॉइड हे जुनं खानदानी पिक. सॅंडपेपरवर घासून नाकाशी धरा, कापराचा वास येईल, कारण ते नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिळूनच बनतं. आवाज मोकळा आणि खणखणीत, मलाही आवडतो. पण ते पटकन पेट घेतं. टेबल टेनिसचे चेंडू याच पदार्थाचे असायचे, २०१४ पासून आंतरराष्ट्रीय खेळात ते बदलायला लागले. तेव्हा आरती संपली की पिक निरांजनाच्या ताटात ठेवायचं नाही. हसू नका, मी ठेवलेलं पाहिलंय.

दुकानात वाजवून बघता येत नसेल तर पिक काचेच्या काउंटरवर टाकून ऐका. जे टणकन वाजतं ते तारेवरही उजळ वाजेल, जे थप्प पडतं ते मवाळ. ढोबळ चाचणी आहे, पण नुसत्या आकड्यापेक्षा जास्त सांगते.

मुदत संपलेलं एटीएम कार्ड कापून पिक करण्याची हौस सगळ्यांना असते. कार्डची जाडी ठरलेली, ०.७६ मिलिमीटर, म्हणजे मध्यम पिकाएवढी. अडचण जाडीची नाही, ते पीव्हीसी असतं. आवाज बद्द येतो आणि टोक भराभर झिजतं. हरवलेल्या पिकाची वेळ निभावते, एवढंच.

झिजलेल्या टोकाचा दोष तारांना देणं

गुंडाळलेल्या जाड तारांवर 'खर्र' येत असेल तर आधी पिकाची कड नखाने तपासा. तारेची गुंडाळी कडेला दाते पाडते. हजार नंबरच्या आणि मग दोन हजार नंबरच्या सॅंडपेपरवर कड घासा, शेवटी जीन्सवर रगडा. टोक गोल झालं असेल तर आवाजही गोल आणि दबका होतो. तो आवडत असेल तर ठेवा, नाहीतर पिकाच्या खांद्याचा, म्हणजे रुंद बाजूचा, कोपरा वापरा. पिकाला कोपरे तीन असतात हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. पिक फारच तिरकं धरलं तरी असाच खरखराट होतो.

'अस्सल कासवाचं' म्हणून मोहात पडणं

जुन्या सामानात कधी कधी कासवाच्या पाठीचं पिक निघतं आणि विकणारा त्याचे गोडवे गातो. ते हॉक्सबिल कासवाचं असतं. या कासवांचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९७७ पासून बंद आहे आणि आपल्याकडे वन्यजीव कायद्याने ती संरक्षित आहेत. मोरजी, आगोंद, गालजीबागच्या किनाऱ्यांवर रिडले कासवांच्या अंड्यांवर रात्रभर पहारा ठेवणाऱ्या गोव्यात हे वेगळं सांगायला नको. घुमटाचंही तेच झालं. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं चढायचं, आता बकऱ्याचं चढतं, आणि त्याच घुमटाला २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला.

नैसर्गिक काहीतरी हवंच असेल तर सरोदवाल्यांकडे बघा. त्यांचा जवा, म्हणजे तारा छेडायचा तुकडा, करवंटीचा असतो. मी तसाच तुकडा घासून गिटारला लावून पाहिला. आवाज गरम आणि थोडा लाकडी आला. स्टीलच्या तारांवर तो लवकर झिजला, पण गोव्यात करवंट्यांना कुठे तोटा आहे.